लाइन क्लिअर, पण दिली कोणी?

थोरलीचं लग्न उरकलं की धाकटीची ‘लाइन क्लिअर’. बंडखोराने अर्ज मागे घेतला की भाऊंची लाइन क्लिअर. आग्रा रोडवर नरडाण्याजवळ ओळखीचा ड्रायव्हर समोरून आला की विचारणा होते, “लाइन क्लिअर शे का?” म्हणजे पुढे आरटीओ उभा नाही ना! कॉलेजच्या कट्ट्यावरचा अर्थ सांगायलाच नको.

हे शब्द आपल्याकडे रेल्वेतून आले आणि येताना त्यांची अर्धी जबाबदारी फलाटावरच राहिली. सुरत-भुसावळ मार्गावर नरडाण्याहून बेटावदकडे गाडी सोडायची तर ‘लाइन क्लिअर’ नरडाण्याचा मास्तर स्वतःच्या मनाने म्हणू शकत नाही. ती मागायची असते आणि द्यायची असते बेटावदने, कारण गाडी त्याच्या अंगावर येणार असते. आधीची गाडी पूर्ण आत आल्याची खात्री झाल्याशिवाय तो ती देत नाही. शेवटच्या डब्यामागची ‘एलव्ही’ची पाटी पाहायची ती त्यासाठीच, एखादा डबा सुटून मागे राहिला असेल तर? आता बऱ्याच ठिकाणी यंत्रच चाकं मोजतं. बरं, रूळ नुसते बेटावदच्या पहिल्या ‘थांबा’ सिग्नलपर्यंत मोकळे असून भागत नाही. त्याच्याही पुढे, सिग्नलच्या प्रकारानुसार, किमान 180 किंवा 400 मीटर जागा मोकळी लागते. ड्रायव्हरचा अंदाज चुकला तरी सांभाळून घेणारी ही जागा मला फार आवडते. रजिस्टरात वेळ पडते, गरज असेल तिथे निरोप खरा असल्याची खूण म्हणून दोन मास्तरांत ‘खासगी नंबरां’ची देवाणघेवाण होते. उद्या काही झालं तर कोणी काय सांगितलं, हे कागदावर असतं.

आपल्या बोलण्यात मात्र लाइन क्लिअर देतो तो मधला माणूस. “साहेबांशी बोलणं झालंय, लाइन क्लिअर आहे.” कोणते साहेब, कधी बोलले, नंबर काय? विचारणारा अडाणी ठरतो. फाइल अडकली की हाच मधला गडी फोन उचलत नाही.

धुळे-नरडाणा रेल्वेचंच घ्या. 16 फेब्रुवारी 2019 रोजी पंतप्रधानांनी धुळ्यात तिचं भूमिपूजन केलं, त्याच कार्यक्रमात उधना-जळगाव दुहेरीकरणाचं लोकार्पणही झालं. दुहेरी मार्ग नरडाण्याला डोळ्यांनी दिसतो. त्यावर गाड्या धावतात. धुळ्याच्या मार्गाची लाइन मात्र आमच्याकडे भाषणांतून इतक्यांदा क्लिअर झाली, की चहाच्या टपरीवर हे शब्द उच्चारले तरी हशा पिकतो. पुढे 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने धुळे जिल्ह्यातूनच जाणाऱ्या 309 किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. खर्च 18,036 कोटी. ही मंजुरी मोठी आहे, तिला कमी लेखू नये. पण मंजुरी म्हणजे गाडी सोडायची तयारी. पुढच्या स्टेशनाचा होकार वेगळा; तो भूसंपादनाकडून, मोबदल्याकडून आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकातल्या तरतुदीकडून यायचा असतो.

म्हणून पुढाऱ्यांनी हे शब्द वापरू नयेत असं नाही. वापरावेत, पण रेल्वेच्या शिस्तीने: अमुक गावच्या जमिनीचा ताबा अमुक तारखेला मिळाला, आदेशाचा क्रमांक हा, सही यांची. दर तीन महिन्यांनी असा एक कागद नरडाणा आणि धुळ्याच्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या बोरविहीर स्टेशनच्या भिंतीवर लावला, तरी पुष्कळ झालं.