वारजेकरांनो, गच्चीचं कुलूप काढा!

सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण पार्किंगवरून दोन तास भांडतो. गच्चीचा विषय निघतो तो फक्त गळतीपुरता. आणि तिकडे जिनिव्हात देशच्या देश भांडतात ते या गच्चीवर बसणाऱ्या सोलर पॅनलवरून!

2010 साली राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. त्यातल्या काही प्रकल्पांना अट होती: सेल आणि पॅनल देशीच वापरा. 2013 मध्ये अमेरिका या अटीविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि 2016 मध्ये आपण हरलो. ही सरकारी खरेदी आहे, असा आपला बचाव होता. निवाडा म्हणाला, सरकार विकत घेतं वीज आणि अट घालतं पॅनलवर. सवलत मिळणार नाही. मग आपणही अमेरिकी राज्यांच्या तसल्याच देशी मालाच्या योजनांवर बोट ठेवलं. 2019 मध्ये तो निकाल आपल्या बाजूने लागला. अमेरिकेने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच त्या डिसेंबरपासून ठप्प आहे. घ्या न्याय!

शेवटी 2023 मध्ये दोघांनी हे वाद आपसात मिटवले. मग आपली गच्ची उन्हात नुसतीच तापू का द्यायची? केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घरासाठी 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे 18,000. अट पुन्हा देशी सेलचीच, म्हणून विक्रेत्याकडून 'डीसीआर' पॅनलच मागून घ्या. योजनेची मुदत 2026-27 पर्यंतच आहे. येत्या सभेत गच्ची पहिल्या क्रमांकावर घ्या. पार्किंगमधल्या गाड्या कुठे पळून जात नाहीत.

शिवण्याच्या रस्त्याला वर्कशॉप चालवणाऱ्यांनो, तुमचं काम वेगळं आहे. 1 जानेवारी 2026 पासून आयात मालावरचा युरोपचा कार्बन कर प्रत्यक्ष लागू झालाय, आणि नट-बोल्टही त्यात आहेत. छपरावर सोलर बसवला की सुटलो, असं समजू नका. वीजबिल त्याने उतरेल, हा कर नाही; लोखंड-पोलादाच्या मालात विजेमागचं उत्सर्जन सध्या धरतच नाहीत. खरा भार येतो तो पोलाद बनवताना झालेल्या धुराचा. या उत्सर्जनाचा आकडा दिला नाहीत, तर युरोप स्वतःचा ठोकळ आकडा लावतो, आणि तो मुद्दाम चढा असतो. तुमचा माल दुसऱ्या कारखान्यामार्फत जात असेल, तरी प्रश्न फिरून तुमच्याच दारात येणार.

तेव्हा उद्याच पुरवठादाराला फोन लावा. हे पोलाद कोळशाच्या झोतभट्टीतलं की भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं? टनामागे उत्सर्जन किती? उत्तर लेखी मागा.