उसन्या चित्रांची वही

काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या नागमोडी रेघा, डोंगरांच्या रांगा एकामागे एक उभ्या केल्यासारख्या. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर, मुंबईत फॅशन स्ट्रीटवर हा टी-शर्ट वर्षानुवर्षं टांगलेला दिसतो. घेणाऱ्याला विचारा, 'भारी दिसतो' यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. ते ठीकच आहे, गिऱ्हाइकाने परीक्षा देऊन कपडे घ्यावेत अशी काही आपली अपेक्षा नाही. पण आपण या धंद्यातले. त्या रेघा कुठून आल्या हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

त्या आल्या एका विझलेल्या ताऱ्याकडून. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून ठरावीक ठेक्याने येणारे रेडिओ संकेत सापडले. दर १.३३ सेकंदाला एक ठोका. हा पहिला पल्सार. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या हॅरल्ड क्राफ्टने त्याचे लागोपाठचे ठोके नोंदवले आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात एकाखाली एक रचून छापले. पुढच्या रेघेचा उंचवटा मागच्या रेघेला झाकेल, अशी सोय त्याने संगणकाच्या प्रोग्रॅममध्येच केली होती. मग विद्यापीठातल्या आरेखनाचं काम करणाऱ्या एका बाईंनी ती आकृती शाईने गिरवली. १९७७ मध्ये ती केंब्रिजच्या खगोलशास्त्र कोशात आली, तिथून मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या पोरांच्या हाती लागली आणि त्यांच्याकडून पीटर सॅव्हिल या तेवीस वर्षांच्या डिझायनरकडे. कोशातली आकृती पांढऱ्यावर काळी होती. सॅव्हिलने ती उलटी केली, काळ्यावर पांढरी. १९७९ मध्ये निघालेल्या 'अननोन प्लेझर्स' या अल्बमच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

क्राफ्टला कोणी विचारलं नव्हतं. पुढे त्याच्या कानावर आलं, तेव्हा तो रेकॉर्डच्या दुकानात गेला आणि स्वतःच्याच आकृतीसाठी खिशातले पैसे मोजून अल्बम आणि पोस्टर घेऊन आला.

याच वाटेवर पुढचे मुक्काम आहेत. २००३ च्या हिवाळी संग्रहासाठी बेल्जियमच्या राफ सिमन्स यांनी सॅव्हिलचीच मुखपृष्ठं, त्याच्याशी बोलून, पार्का जॅकेटांवर चढवली. ते जॅकेट आज जुन्या बाजारात हजारो डॉलरला जातं. २०१२ मध्ये डिस्नेने त्याच रेघांना मिकी माउसचा आकार दिला, ओरड झाली, टी-शर्ट काढून घेतला. एकच चित्र. एकाने त्यावर काम केलं, दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने कान चिकटवले, आणि आपल्या रस्त्यांवर ते नुसतं स्कॅन होऊन स्क्रीनवर गेलं. छोट्या लेबलवाल्याने आपण यातल्या कोणत्या रांगेत आहोत ते एकदा स्वतःशी पाहून घ्यावं.

कारण आपल्याकडे विकायला दुसरं आहे काय? बहुतेकांचा कोरा माल तिरुपूरहून येतो. १८० जीएसएम घ्या, नाहीतर २४० चा ओव्हरसाइझ घ्या, बायोवॉश करून घ्या. तोच पीस शेजारचाही घेतो. छपाई एकाच गाळ्यात, शाई एकाच दुकानातली. फरक पडतो तो फक्त छापात आणि छापामागच्या नजरेत. मोठ्या कंपनीकडे जाहिरातीचा पैसा असतो, आपल्याकडे ती नजर. आणि नजर म्हटली की उसनवारी आलीच. सिनेमा, गाणी, दुकानांच्या पाट्या, आजीच्या काळातल्या काड्यापेट्या, हे सगळं आपण उचलतो. उचलू नका असं हे मासिक कधी म्हणणार नाही. उचललेल्याची वही ठेवा, एवढंच म्हणणं आहे.

लंडनच्या किंग्ज रोडवरचं ४३० नंबरचं दुकान या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहण्यासारखं आहे. माल्कम मॅक्लॅरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांनी ते १९७१ मध्ये 'लेट इट रॉक' म्हणून उघडलं. वेस्टवुड तोवर शाळेत शिकवत होत्या. जुने कपडे उसवून, त्यांचे भाग पाहून त्या बेतणं शिकल्या. दहा वर्षांच्या आत दुकानाने पाच नावं घेतली, १९७४ मध्ये 'सेक्स', ७६ मध्ये 'सेडिशनरीज', ८० मध्ये 'वर्ल्ड्स एंड'. दर वेळी पाटीबरोबर मालही बदलला. ब्रँडचं नाव म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती मानणाऱ्या आजच्या सल्लागारांना हे पटणार नाही.

तिथली कारागिरी जवळून पाहा. खानावळीतून कोंबडीची हाडं आणायची, उकळून साफ करायची, त्यांना भोकं पाडायची आणि बारीक साखळीने टी-शर्टवर अडकवून 'रॉक' ही अक्षरं उठवायची. मशीन नाही, भांडवल नाही, आणि नक्कल करणाऱ्याला घाम फुटेल असा माल. १९७४ चा दुसरा एक टी-शर्ट तर निव्वळ मजकुराचा. बर्नी ऱ्होड्स, जो पुढे द क्लॅश या बँडचा मॅनेजर झाला, त्याच्या पुढाकाराने निघालेला. एका बाजूला आम्हाला न आवडणाऱ्यांची यादी, दुसऱ्या बाजूला आवडणाऱ्यांची. त्याच गर्दीत सेक्स पिस्तल्स हे नाव छापलेलं होतं, त्या बँडचा पहिला कार्यक्रम व्हायच्या वर्षभर आधी. टी-शर्टने मैफलीची वाट पाहिली नाही. आणि १९७५ मध्ये त्या बँडला गायक मिळाला तो कसा, तर पिंक फ्लॉइडच्या छापील टी-शर्टवर पेनाने 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द खरडून रस्त्याने हिंडणारा जॉन लायडन ऱ्होड्सच्या नजरेत भरला म्हणून. दुसऱ्याचा छाप आणि वर आपला शेरा. ग्राफिक टी-शर्टचं सगळं शास्त्र त्यात आलं.

पण त्याच दुकानाची दुसरी बाजूही सांगायला हवी. दोन अर्धनग्न काउबॉय असलेला त्यांचा टी-शर्ट घालून अ‍ॅलन जोन्स हा तरुण १९७५ मध्ये पिकॅडिलीत फिरला, पोलिसांनी धरला. दुकानाच्या मालकांवर खटला होऊन दंड झाला. त्या प्रकरणाने दुकान गाजलं. चित्र मात्र जिम फ्रेंच या अमेरिकन चित्रकाराचं होतं. बंडखोरी यांची, रेषा त्याची. याला आम्ही धाडस म्हणत नाही.

सुप्रीमची गोष्ट तर याहून मासलेवाईक. जेम्स जेबिया यांनी १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेत स्ट्रीटवर स्केटबोर्ड करणाऱ्या पोरांसाठी दुकान काढलं. लाल चौकटीतली तिरकी पांढरी अक्षरं बार्बरा क्रूगर या चित्रकर्तीच्या कामावरून उचललेली, हे जगजाहीर आहे. २००० मध्ये लुई व्हितोंच्या खुणांसारखा छाप स्केटबोर्डवर मारला म्हणून त्या कंपनीच्या वकिलांचं पत्र आलं, माल मागे घ्यावा लागला. २०१७ मध्ये त्याच लुई व्हितोंने सुप्रीमबरोबर एकत्र संग्रह काढला. इथवर सगळं गमतीचं. पण २०१३ मध्ये एका छोट्या लेबलने सुप्रीमच्या चौकटीची थट्टा करणारा टी-शर्ट विकला म्हणून सुप्रीमने एक कोटी डॉलरचा दावा ठोकला! पत्रकाराने प्रतिक्रिया विचारली तेव्हा क्रूगरबाईंनी एक फाइल पाठवली. तिचं नावच 'फूल्स', आतला मजकूर इथे छापण्याजोगा नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं. २०२० मध्ये सुप्रीम २१० कोटी डॉलरला विकलं गेलं आणि २०२४ मध्ये पुन्हा १५० कोटींना. उसन्या चौकटीची ही किंमत.

आता घरचं पाहू. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या तेव्हा आपल्यातले कित्येक जण तावातावाने लिहीत होते. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचं पत्र गेल्यावर प्राडाने भारतीय प्रेरणा मान्य केली. लिहिणाऱ्यांचा राग योग्यच होता. त्यातल्या किती जणांच्या दुकानात वारली चित्रांचे टी-शर्ट आहेत, आणि त्यातल्या किती टी-शर्टांचे पैसे डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या चित्रकाराला पोचले? जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे नाव-गाव नसलेली 'लोककला' म्हणून इंटरनेटवरून ती फाइल उतरवायची सबब आता उरलेली नाही.

सिनेमातले चेहरे आणि संवाद यांचंही तसंच. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या आणि २०२४ मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या बाजूने आदेश दिले. परवानगीशिवाय त्यांचं नाव, चेहरा, आवाज वापरून माल विकायला मनाई झाली. 'झकास' आणि 'भिडू' त्या दाव्यांत होते. हे शब्द आपण रोज तोंडात घोळवतो, त्यामुळे यावर वाद जरूर घालता येईल. पण तो वाद चाळीस पीसच्या लॉटवर घालणं परवडणारं नाही. मिशी, गॉगल आणि मफलर यांच्यापलीकडे मुंबईत चितारण्यासारखं काही उरलंच नाही का, हा आमचा खरा प्रश्न आहे.

दुसऱ्याचं उचलण्याइतकंच स्वतःचं राखण्यातही आपण ढिले. कॉपीराइट कायद्याचं कलम १५ प्रत्येक लेबलवाल्याने वाचावं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नसेल आणि औद्योगिक पद्धतीने त्याचे पन्नासहून जास्त नग काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. २०१६ मध्ये रितु कुमार यांच्या कंपनीचा बिबाविरुद्धचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात याच खडकावर आपटला. नोंदणी केली तर दहा वर्षं, वर आणखी पाच वर्षं संरक्षण मिळतं. मात्र अर्ज करण्याआधी डिझाइन जगासमोर आलं असेल तर ते नवं धरलं जात नाही. 'लवकरच येत आहे' म्हणून इन्स्टाग्रामवर फोटो टाकायची घाई इथे नडते.

चित्रकाराशी करार करताना कलम १९ पाहा. हक्क लेखी घ्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच हक्क मिळतात. दुबईच्या आणि न्यूजर्सीच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. 'भावा, एक मस्त गणपती काढून दे' असा व्हॉट्सअ‍ॅप निरोप म्हणजे करार नव्हे.

वहीत फार काही लिहायचं नाही. छापाचं नाव, मूळ चित्र कुठलं, कोणाला विचारलं, काय बदललं, किती दिले, किती नग काढले. चित्रकाराला नगामागे रक्कम कबूल केली असेल, तर छपाईवाल्याचं बिल त्याला दाखवायची तयारी ठेवा, आणि दिवाळीचा माल सुटायच्या आधी त्याचे पैसे चुकते करा.