शास्त्रविचार : पिवळ्या पाण्याची परीक्षा

आमच्या तेलगांवीं गळिताचा हंगाम आला म्हणजे उसाच्या गाड्यांनीं रस्ता भरून जातो. त्या उसाच्या साखरेशीं आजच्या विषयाचें जुनें नातें आहे. इ. स. १८५० मध्यें विल्हेल्मी नामक जर्मन शास्त्रज्ञानें अम्ल घातलेल्या पाण्यांत साखरेचें विघटन किती वेगानें होतें, हें प्रकाशाच्या साह्यानें मोजलें. पुढें ओस्टवाल्डनें त्याच क्रियेवर निरनिराळ्या अम्लांचें बळ ताडून पाहिलें. उमेदवार अनेक, प्रश्नपत्रिका एक!

तशीच एक प्रश्नपत्रिका आज सोन्यारुप्याच्या अतिसूक्ष्म कणांसाठीं रूढ झाली आहे. हे कण कांहीं नॅनोमीटरांचे. मीटरचा अब्जावा भाग तो एक नॅनोमीटर. स्वतः न खर्चतां ते दुसऱ्या द्रव्यांची क्रिया वेगवान करितात, म्हणून त्यांस उत्प्रेरक म्हणावयाचें. ही परीक्षा रूढ करण्यांत खड्गपूरच्या आय. आय. टी.तील तारासंकर पाल व त्यांचे सहकारी यांनीं २००१-०२ च्या सुमारास केलेलें काम पायाभूत मानितात.

चार-नायट्रोफिनॉलच्या पाण्यांत सोडियम बोरोहायड्राइड घातलें कीं द्रावण गर्द पिवळें होतें, आणि नुसतें ठेविल्यास पिवळेंच राहतें. त्यांत धातुकणांचे चार थेंब पडूं द्या. कांहीं मिनिटांत रंग उडतो. तयार होतें तें चार-अमिनोफिनॉल. घरोघरीं तापावर देतात तें पॅरासिटामॉल याचपासून करितां येतें. बोरोहायड्राइड मुद्दाम विपुल घेतात, म्हणजे वेग उरलेल्या पिवळ्या द्रव्यावरच अवलंबून राहतो. चारशें नॅनोमीटरच्या प्रकाशानें रंग मोजीत जावें. त्याच्या लॉगरिथमची काळाशीं सरळ रेषा निघते. तिचा उतार हेच कणांचे गुण.

पण गुणांची तुलना करतांना जपावें. माझ्या मास्तरकींत एकदां दोन तुकड्यांस निराळ्या प्रश्नपत्रिका देऊन मीं एकच गुणानुक्रम लाविला, आणि एका गरीब मुलाची शिष्यवृत्ति हुकली. त्याचा उतरलेला चेहरा अद्याप डोळ्यांसमोर येतो. येथेंही एकानें कण अधिक घातले, दुसऱ्यानें पाणी ऊन ठेविलें, तर नुसत्या उताराला अर्थ काय? तो कणांच्या एकूण पृष्ठभागानें भागला पाहिजे, आणि तपमान व द्रव्यांचें प्रमाण सारखें हवें. शिवाय पुष्कळदां कण घातल्यावर थोडा वेळ कांहींच घडत नाहीं. कोणी म्हणतात, पाण्यांत विरलेला प्राणवायु आड येतो. कोणी म्हणतात, कणांचा पृष्ठभाग आधीं स्वतःची मांडणी बदलतो. तो वाद अजून मिटलेला नाहीं.