तास संपल्यावरचे टाचण

आज ५ सप्टेंबर, १९६२ पासून साजरा होणारा शिक्षक दिन. रिवाजाप्रमाणे आज अनेक शाळांत दहावीची मुले-मुली एक दिवसाचे ‘सर’ आणि ‘बाई’ होतील. मोठ्यांनी हार-नारळाच्या गडबडीतून वेळ काढून त्यांचे तास बघावेत. डस्टर आपटण्याची लकब, ‘समजलं ना?’ म्हणत उत्तराआधीच फळ्याकडे वळणे, फिरून फिरून पहिल्या बाकावरच्या त्याच तिघांना उठवणे, सगळे हुबेहूब उतरते. गुरुजींच्या शिकवण्याचे इतके बारीक निरीक्षण शाळेत दुसरे कोणीच केलेले नसते. गुरुजींनी स्वतः तर नाहीच.

गुरुजींकडे असते ती पाठाच्या नियोजनाची टाचण वही. पूर्वज्ञान, विषयप्रवेश, हेतुकथन, संकलन, उपयोजन हे रकाने डी.एड.च्या सराव पाठांपासून मागे लागतात. जर्मन विचारवंत हर्बार्टच्या अनुयायांनी पाठाच्या पायऱ्या आखल्या, त्यांचा हा वारसा. पायऱ्यांत वाईट काही नाही. पण वही साहेबांच्या सहीसाठी लिहायची म्हटले की गेल्या वर्षीची यंदा उतरते. हल्ली तर तयार टाचणे व्हॉट्सॲपवरच येतात. तासात प्रत्यक्ष काय घडले, याची नोंद सापडलीच तर ‘पाठ समाधानकारक’ एवढीच.

शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधले लक्ष्मीराम मास्तर इथे आठवतात. चौथीच्या वर्गावर मोठ्या तयारीने जातात, शांततेचा खेळ मांडतात आणि पोरे दंगा करून तो पार उधळून लावतात. मास्तर मुलांना दोष देत बसत नाहीत. आपला बेत कुठे फसला हे ताडतात आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट घेऊन वर्गात शिरतात. पुस्तक १९३०च्या दशकातले, मास्तर काल्पनिक. पण नियोजन खरे कधी सुरू होते ते त्यात दिसते.

जपानी शिक्षक पाठाच्या आराखड्यात मुले काय काय उत्तरे देतील, याचा अंदाजही लिहून ठेवतात. आपल्या पाचवी-सहावीतली अपूर्णांकांची बेरीज घ्या. १/२ अधिक १/३ किती? अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ म्हणणारी मुले कोणत्याही वर्गात निघतात. हे उत्तर टाचणात आधीच असेल तर बाई नुसते ‘चूक’ म्हणून पुढे जाणार नाहीत. अर्धी भाकरी ताटात होती, वर आणखी एक तुकडा वाढला, मग ती अर्धीहून कमी कशी झाली, असे विचारतील. जपानमध्ये अशा तासाला मागे बसलेले सहकारी शिक्षक शिकवणाऱ्यापेक्षा मुलांच्या वह्यांकडे बघत असतात आणि तास सुटल्यावर त्यावरच बोलतात. आपल्याकडे मागे कोणी बसले की ती तपासणी! दबकून राहिलेल्या वर्गात मग तपासणारा आणि शिकवणारा, दोघांनाही काही कळत नाही.

एकट्याने करण्यासारखेही आहे. मोबाइल टेबलावर ठेवून एक तासिका ध्वनिमुद्रित करावी आणि घरी ऐकावी. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. आपण किती थांबतो, हे त्या ध्वनिमुद्रणात घड्याळ लावून मोजता येते. आपलाच आवाज ऐकताना थोडे कानकोंडे होईल, ते सोसावे.

अर्थात माहित्या, ऑनलाइन नोंदी आणि निवडणुकीची कामे यांतून शिक्षकाची संध्याकाळ मोकळी राहिली तरच हे जमेल. शिक्षण खात्याला आज काही द्यायचेच असेल, तर पुरस्कारांच्या जोडीला एवढे द्यावे: शाळांच्या गटाच्या, म्हणजे केंद्राच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन थांबवून कोणा एकाचा पाठ सर्वांनी मिळून पाहावा, त्यावर चर्चा करावी आणि त्या चर्चेतले एक अक्षरही गोपनीय अहवालात जाणार नाही, असे लेखी कळवावे.