चोवीस प्रश्न, शून्य उत्तरं

मंडळी, आज जरा धंद्याचं बोलणार आहे. ज्यांचा वेबसाइट बनवण्याशी काही संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण गोष्ट माझ्या आईपासून सुरू होते आणि एचटीएमएल कशाशी खातात हे तिला ठाऊक नाही.

झालं असं. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी पुण्यात, ते दोघं नाशिकला. आईने विमा कंपनीच्या साइटवरचं 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' हे पान शोधलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला लिंक पाठवून त्याचा प्रिंट काढून आणला (तिचा विश्वास कागदावर!) आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून दोघं शाखेत गेले. तिथे कागद काढला तर त्यावर चोवीस प्रश्न आणि उत्तर एकही नाही. 'कोणती कागदपत्रे सोबत आणावीत?' हे ठळक अक्षरात, आणि त्याखाली थेट पुढचा प्रश्न. उत्तर होतं ते स्क्रीनवर, शेजारच्या प्लसवर बोट दाबलं की उलगडणारं. रद्द केलेला चेक घरी राहिला होता. परत रिक्षा, परत रांग. संध्याकाळी फोनवर आई म्हणाली, "अरे, प्रश्न तर मलाही माहीत होते. उत्तरांसाठीच कागद काढला ना?"

मी भरपूर हसलो. सोमवारी ऑफिसात आमच्याच प्रॉडक्टचं हेल्पचं पान सहज प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये उघडून बघितलं. एकतीस प्रश्न. उत्तरं शून्य. आणि ते कॉम्पोनंट लिहिणारा महाभाग कोण, तर अस्मादिक.

तर या उलगडणाऱ्या-मिटणाऱ्या प्रकाराला आमच्या भाषेत अकॉर्डियन म्हणतात. जुन्या हिंदी गाण्यांत हिरो गळ्यात अडकवून भाता ताणतो ना, तेच वाद्य. एकाखाली एक शीर्षकं, दाबलं की खालचा मजकूर उघडतो. आज कुठलीही बँक, विमा, कॉलेज, सरकारी योजना घ्या, हा प्रकार सापडणारच. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. आणि इतका सर्रास वापरला जाणारा हा प्रकार जवळजवळ प्रत्येक टीम आपापल्या घरी बनवते. जेक्वेरी यूआय २००७ साली आलं त्यात अकॉर्डियन होतं, मग बूटस्ट्रॅपचं आलं, मग रिॲक्टवाल्यांची डझनभर. मी स्वतः पाच वर्षांच्या नोकरीत चार वेळा लिहिलंय. प्रत्येक वेळी थोडं वेगळं, प्रत्येक वेळी थोडं चुकलेलं.

चुकण्यासारखं त्यात आहे तरी काय? खूप आहे. डब्ल्यू-थ्री-सीच्या सुलभतेच्या मार्गदर्शिकेत अकॉर्डियनचा नमुना दिलाय. शीर्षक हे खरं हेडिंग हवं, त्याच्या पोटात खरं बटण हवं, ते उघडं आहे की मिटलेलं हे एरियाच्या ॲट्रिब्यूटने सांगायला हवं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालायला हवेत. वाचायला सोपं. पण शुक्रवारी संध्याकाळी डेमो असताना आपण एक डिव्ह घेतो, त्याला क्लिक लावतो आणि घरी जातो. माउसवाल्या माणसाला फरक कळत नाही. आमच्याकडे टेस्टिंगला एक मित्र आहे, तो बघू शकत नाही, एनव्हीडीए नावाचा स्क्रीनरीडर वापरतो. लांबलचक पान तो वरपासून ऐकत बसत नाही, एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारतो. माझ्या पहिल्या अकॉर्डियनवर त्याचा बग आला होता, एका ओळीचा: "पानावर काहीच नाही." त्याच्या दृष्टीने खरंच काही नव्हतं.

आता जाणकार म्हणतील, अरे शहाण्या, एचटीएमएलमध्ये डीटेल्स आणि समरी हे टॅग आहेत की! आहेत. आणि मला ते मनापासून आवडतात. जावास्क्रिप्टची एक ओळ न लिहिता घडी उघडते, मिटते, कीबोर्डवर चालते. पण त्यांची कहाणी सरकारी फायलीसारखी आहे. क्रोममध्ये २०११ साली आले, फायरफॉक्समध्ये २०१६ साली आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये जानेवारी २०२० मध्ये, तेही एजने क्रोमचंच इंजिन घेतलं तेव्हा. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये कधीच नाही. इतक्या वर्षांत जगाने आपापली अकॉर्डियनं बनवून घेतली, त्यात नवल काय?

गेल्या काही वर्षांत मात्र काम जोरात झालंय. ओपन यूआय नावाचा गट आहे, असले घरोघरी बनणारे प्रकार गोळा करून त्यांना एचटीएमएलमध्ये जागा मिळवून देणं हा त्यांचा उद्योग. २०२२ पासून क्रोममध्ये पानात शोधलं की शब्द मिटलेल्या डीटेल्समध्ये असला तरी घडी आपोआप उघडते. डीटेल्सना एकच नाव दिलं की एक उघडल्यावर दुसरं आपोआप मिटतं. ही सोय डिसेंबर २०२३ मध्ये क्रोम आणि सफारीत आली, सप्टेंबर २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये. उंची शून्यापासून ऑटोपर्यंत ॲनिमेट करण्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं जे कोलांट्याउड्यांचे खेळ केले (मॅक्स-हाइट हजार पिक्सेल! केलंय ना तुम्हीही?) त्याचीही सोय क्रोमने २०२४ मध्ये सीएसएसमध्ये आणली.

म्हणजे प्रश्न मिटला? माझ्या मते नाही. डीटेल्स ही एक सुटी घडी आहे. अकॉर्डियन म्हणजे घड्यांचा संच, आणि त्या संचाला एचटीएमएलमध्ये अजून स्वतःचा टॅग नाही. फक्त सारखं नाव दिलेल्या चार घड्या आहेत आणि त्यातून मिळतं काय, तर नेमका नको असलेला अर्धा भाग: एक उघडलं की दुसरं बंद! स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांनाही हे माहीत आहे. वाचणाऱ्याला एकापेक्षा जास्त भाग एकत्र बघायचे असतील तर या सोयीने त्याची चिडचिड होईल, वापरण्याआधी विचार करा, असा इशारा त्यांनी तिथेच लिहून ठेवलाय. पण तो वाचतो कोण? डिझायनरला ते नीटनेटकं दिसतं, की झालं.

मला हवाय तो संचाचाच टॅग. नाव काहीही ठेवा. त्याच्या आत शीर्षक आणि मजकूर, शीर्षक मजकूर. आणि ब्राउझरने चार गोष्टींची हमी द्यायची. शीर्षक हे हेडिंगच राहील. (आज समरीत हेडिंग टाकायला परवानगी आहे, पण काही ब्राउझर-स्क्रीनरीडर जोड्यांमध्ये ती समरी नुसतं बटण म्हणून ऐकू येते आणि हेडिंग गिळलं जातं.) 'सगळं उघडा' ही आज्ञा ब्राउझरकडेच असेल, मग साइटवाल्याने तसं बटण ठेवलेलं असो वा नसो. पानात शोधणं आतपर्यंत पोचेल, सगळ्या ब्राउझरांत. आणि छापताना सगळं उघडंच छापलं जाईल, कारण कागदावर प्लस दाबता येत नाही. यातली शेवटची गोष्ट नव्या ब्राउझरांत सीएसएसच्या दोनतीन ओळींत आजही करता येते, हे मलाही परवाच कळलं. पण ज्याला प्रिंटची आठवणच नाही तो त्या ओळी कशाला लिहील? मला आईचा फोन येईपर्यंत आठवण नव्हती. डिफॉल्ट हीच खरी ताकद असते हो, बाकी सगळी डॉक्युमेंटेशनं.

यावर ऑफिसातल्या एका सिनियरचं म्हणणं असं, की दर गोष्टीचा टॅग करत बसलो तर एचटीएमएलचं भंगारचं दुकान होईल. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, आपण मार्की बघितलाय. पण डायलॉगचं बघा ना. पॉपअप खिडकीसाठी आम्ही असेच घरगुती प्रयोग करायचो, फोकस निसटायचा, एस्केप चालायचं नाही. मार्च २०२२ पर्यंत तो टॅग सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आला आणि माझ्या कोडमधली दोनशे ओळींची फाइल मी आनंदाने उडवली. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: मोबाइलवर अकॉर्डियन आणि मोठ्या पडद्यावर टॅब, असं बहुतेकांना हवं असतं. ओपन यूआयमध्ये 'स्पायसी सेक्शन्स' नावाचा प्रयोग झाला तो यासाठीच. साधी हेडिंगं आणि मजकूर लिहा, रूप काय घ्यायचं ते सीएसएस ठरवेल. मला ती दिशा फार पटते, कारण घडी उघडली नाही तरी खाली साधंसुधं वाचता येणारं पान उरतं. पण टॅबचं भांडण सुटेपर्यंत अकॉर्डियनला ताटकळत ठेवायला माझी तयारी नाही.

असो. आमच्या हेल्पच्या पानावर गेल्या आठवड्यात मी माझं कॉम्पोनंट काढून डीटेल्स लावले, कुणालाही सारखं नाव न देता, आणि छापण्याच्या त्या ओळी घातल्या. मॅनेजरने विचारलं, "युजरला काय फरक दिसेल?" म्हटलं, दिसणार काही नाही. तिकिटाची प्रायॉरिटी लो झाली. टेस्टिंगवाल्या मित्राने मात्र लगेच एच दाबून बघितलं. त्याच्या मशीनवर सगळी हेडिंगं बोलली. दुसऱ्या ब्राउझरवर अजून बघायचं आहे.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आई म्हणाली, "या वेळी तूच प्रिंट काढून पाठव." बसलो काल रात्री. सगळे प्लस उघडून पीडीएफ करावी म्हटलं, तर एक उघडलं की आधीचं मिटतंय. शेवटी चोवीस उत्तरं एकेक करून वर्डमध्ये चिकटवली. पाऊण तास लागला.