उसना ‘मी’

माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. विद्यापीठाचा अर्ज भरण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तरीसुद्धा 2025 च्या गणपतीनंतर एक गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या घरी आले. मुलगी मागे उभी होती.

“गुरुजी, ही विलायतेला इंजिनिअरिंगसाठी अर्ज करते आहे. स्वतःविषयी चार हजार अक्षरांत लिहायचे आहे. तुम्ही तर कादंबऱ्या लिहिता!”

इंग्रजी करून देणारा माणूस त्यांनी आधीच ठरवला होता. उणीव होती ती फक्त ‘मी’ची.

मुलीने स्वतः लिहिलेले कागद सोबत होते. त्यांच्या विहिरीवरची मोटार दोनदा जळली. तीनपैकी एक फेज गेली की मोटार नुसती गुरगुरते, उरलेल्या दोहोंवर भार चढतो आणि वेळीच बंद केली नाही तर वाइंडिंग जळते, हे तिने वायरमनला विचारविचारून समजून घेतले होते. वडील म्हणाले, “यात काय विशेष? महापुरात माणसे वाचवली, असे काहीतरी घाला.”

वाचकहो, घालता आले असते. कादंबरीत मी दोनदा पूर आणला आहे. पण कादंबरीवर नाव माझे असते. या कागदावर पोरीचे. स्वतःविषयी बोलणे म्हणजे फुशारकी, असे आपणच मुलांना शिकवतो आणि वेळ आली की फुशारकी भाड्याने आणतो!

“सगळेच करतात,” गृहस्थ म्हणाले. करतात खरे. ब्रिटनमध्ये 2007 साली असे अर्ज ताडून पाहिले, तेव्हा 234 अर्जांत एकच आठवण निघाली: आठव्या वर्षी रसायनांशी खेळताना पायजम्याला भोक पडले! ज्याचा पायजमा खरोखरच जळला असेल, त्या बिचाऱ्याची गोष्टही खोट्यांतच गेली असणार. 2026 च्या प्रवेशापासून तर तिथे सलग निबंधही नाही, तीन प्रश्न आहेत. त्यांतला एक, अभ्यासाबाहेर तुम्ही काय तयारी केलीत, असा आहे. त्याचे उत्तर या पोरीच्या विहिरीवर होते.

मी सोवळा नाही. पूर्वी एका विद्यार्थ्याला मी असेच लिहून दिले होते. त्याला प्रवेश मिळाला. निरोप घ्यायला आला, तेव्हा माझ्याकडे पाहत नव्हता.

मी कागद मुलीच्या हाती परत दिले आणि विचारले, “दुसऱ्यांदा मोटार जळली तेव्हा किती वाजले होते?”

“रात्रीचे दोन. शेताला वीज रात्रीच येते ना, गुरुजी. मीच गेले होते बॅटरी घेऊन.”

“मग हे का नाही लिहिलेस?”

ती ओटीवर बसली आणि लिहू लागली. वडील घड्याळाकडे पाहत राहिले.