हवेचा जोर आणि चालकाची पाठ

फॉर्म्युला वन शर्यतींचे नियम २०२६च्या हंगामापासून बदलले. इंजिनाच्या ताकदीत विजेचा वाटा जवळपास निम्मा झाला, याची चर्चा भरपूर झाली. त्या मानाने दुसरा बदल दुर्लक्षित राहिला. गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर, म्हणजे ‘डाऊनफोर्स’, मुद्दाम कमी करण्यात आला. मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या ‘एफआयए’ने २०२४ मध्ये नियम जाहीर करताना हा जोर ३० टक्क्यांनी आणि हवेचा अवरोध ५५ टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट सांगितले होते. अवरोध कमी करण्यामागे विजेची बचत हे मुख्य कारण आहे. मात्र गाडीचा तळ बदलण्याच्या निर्णयाला गेल्या काही वर्षांचा एक कटू अनुभवही जोडलेला आहे आणि तो चालकांच्या पाठीशी संबंधित आहे.

विमानाचा पंख हवेच्या मदतीने विमान वर उचलतो. तोच पंख उलटा बसवला की तो खाली दाबतो. शर्यतीच्या गाडीला पुढे-मागे असे उलटे पंख असतात. टायर रस्त्यावर जितके दाबले जातील तितकी पकड वाढते आणि वळण अधिक वेगात घेता येते. गाडीचे वजन वाढवूनही टायर दाबता येतील, पण मग ते वजन वळवावे आणि थांबवावेही लागते. हवेच्या जोराला वजन नसते, हाच त्याचा फायदा.

याहून प्रभावी युक्ती गाडीच्या पोटाखाली आहे. तळाला विशिष्ट आकार दिला की त्याखालच्या चिंचोळ्या जागेतून हवा वेगाने वाहते, तिथला दाब घटतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. लोटस संघाने १९७७ मध्ये हे तंत्र यशस्वी करून दाखवले आणि १९७८ मध्ये त्याच संघाच्या मारिओ आंद्रेत्तीने जगज्जेतेपद मिळवले. पण तळाखालची हवा अचानक निसटली की पकडही क्षणात जाते. वळणांवरचा वेग धोकादायक ठरू लागल्याने १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला.

पुढे पंखांवरचे अवलंबित्व वाढले. पंखांमागे हवा ढवळून निघते आणि मागच्या गाडीची पकड कमी होते. शर्यती चुरशीच्या व्हाव्यात म्हणून २०२२ मध्ये आकार दिलेला तळ पुन्हा आणला गेला आणि त्यासोबत जुना आजारही परतला. सरळ रस्त्यावर वेग वाढला की गाडी खाली ओढली जाते. तळ जमिनीच्या फार जवळ गेला की हवेचा प्रवाह तुटतो, ओढ सुटते आणि गाडी वर उसळते. वर येताच प्रवाह पूर्ववत होतो आणि ती पुन्हा खाली जाते. हे सेकंदाला पाच-सहा वेळा घडते.

नेमका हाच आकडा वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेतील कंपनांना सेकंदाला साधारण चार ते आठ या टप्प्यात सर्वाधिक प्रतिसाद देते. या टप्प्यात आसनाचा हादरा शरीरात विरण्याऐवजी वाढतो आणि त्याचा भार कंबरेच्या मणक्यांवर व त्यांमधल्या चकत्यांवर येतो. ट्रॅक्टर, ट्रक आणि बस चालवणाऱ्यांच्या कंबरदुखीचा अशा हादऱ्यांशी असलेला संबंध व्यवसायजन्य आरोग्याच्या क्षेत्रात पूर्वीपासून ज्ञात आहे. जून २०२२ मध्ये बाकूच्या शर्यतीनंतर लुईस हॅमिल्टनला गाडीतून उतरणेही कठीण झाले, ते जगाने पाहिले.

उपाय सोपा होता. गाडी थोडी उंच करायची. पण उंची वाढवली की जोर घटतो आणि वेळ वाया जातो. पाठ दुखत असली तरी स्वतःहून मागे राहायला कोण तयार होणार? अखेर एफआयएने चालकांच्या आरोग्याचे कारण देऊन हस्तक्षेप केला. त्याच वर्षी उसळ्या मोजून त्यांना मर्यादा घालण्यात आली आणि २०२३ मध्ये तळाच्या कडा १५ मिलिमीटरने उचलायला लावल्या. आता तळ अंशतः सपाट झाला आहे. गाडी अतिशय खाली आणि कडक ठेवण्याची गरज त्यामुळे कमी व्हावी, असा हेतू आहे. सरळ रस्त्यावर पंख उघडून अवरोध घटवायचा आणि वळणावर ते पूर्ववत करून पकड मिळवायची, अशी सोयही दिली आहे.

रस्त्यावरच्या गाडीचा प्रश्न उलटा असतो. तिचा घुमटासारखा आकार तिला किंचित वर उचलतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना मुभा असलेल्या ताशी १२० किलोमीटर वेगाला सामान्य मोटारीवरची ही उचल ढोबळ हिशेबाने ३० किलो वजनाइतकी भरते. हजार-बाराशे किलोच्या गाडीला ती जाणवत नाही. पण हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. जर्मनीत ऑडी टीटीच्या पहिल्या गाड्यांना अतिवेगात अपघात झाले, तेव्हा कंपनीला मागे स्पॉयलर बसवावा लागला, सस्पेन्शन बदलावे लागले आणि घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा द्यावी लागली.

त्यामुळे शहरातल्या गाडीच्या डिकीवर हौसेने लावलेला स्पॉयलर सुरक्षिततेत भर घालत नाही. त्या वेगांना पकड ठरते ती टायरची नक्षी, त्यातली हवा आणि ओला रस्ता यांवर. फॉर्म्युला वनमधून घेण्यासारखा धडा वेगळाच आहे. तिथे चालकाला बसणारे हादरे मोजले गेले आणि मर्यादा पाळणे संघांच्या मर्जीवर सोडले नाही. दिवसाचे आठ-दहा तास खड्ड्यांतून बस किंवा ट्रॅक्टर हाकणाऱ्याच्या आसनाखालचे हादरेही तितक्याच काटेकोरपणे मोजले जायला हवेत.